उरलेल्या वेळात तब्येत सुधारत नाही

पत्र : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३९ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ८३ किलो आहे. मुलगी ९ वर्षांची आहे आणि मुलगा ४ वर्षांचा. धाकट्याच्या वेळी गरोदरपणात मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून पुन्हा कधी तपासली नाही. दोन वर्षांपूर्वी जेवणाऐवजी पावडर घेण्याचा एक कार्यक्रम केला. दोन महिन्यांत ९ किलो उतरले, पुढच्या वर्षभरात ११ किलो परत आले आणि केसही मूठमूठ गळले. नंतर व्यायामाच्या वर्गाला गेले, पण उड्या मारताना लघवीचे थेंब गळू लागले, तेव्हा लाजेने जाणे सोडले. आता तीन जिने चढले तरी धाप लागते. त्यातून मुलगी माझे पाहून आरशासमोर पोट आत ओढून उभी राहू लागली आहे. तुम्ही स्वतःचे १७ किलो वजन कमी केल्याचे या सदरात एकदा लिहिले होते. तुमच्या दिवसभराच्या आहाराचा तक्ता द्याल का? हल्ली निघालेली इंजेक्शने घ्यावीत का? की माझ्यातच चिकाटी नाही?

सप्रेम नमस्कार.

तक्ता मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. काही हातचे राखायचे आहे म्हणून नव्हे, तर तो तक्ता माझ्या शरीरासाठी बेतलेला होता आणि माझी अडचण साखरेची नसून हिमोग्लोबिनची होती, म्हणून. शिवाय माझ्याकडे असे एकूण तीन तक्ते जमलेले आहेत, आणि पहिल्या दोघांनी उतरवलेले वजन मी तुमच्यासारखेच व्याजासकट परत घेतले होते. तिसऱ्या वेळी जे टिकले, ते ताटात काय होते यापेक्षा दिवस कसा आखला होता यामुळे टिकले, असे माझे ठाम मत आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे. परंतु तुम्ही जाता जाता लिहिलेले एक वाक्य मला साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून सुरुवात तिथून करते.

गरोदरपणात वारेतून स्रवणारी काही संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन तयार करून हा ताण पेलते. ज्यांना ते पेलवत नाही, त्यांच्या रक्तातली साखर वाढते. प्रसूतीनंतर वार पडली की तो ताण जातो आणि साखर खाली येते, त्यामुळे तुम्हाला जे सांगितले गेले ते खोटे नव्हते, फक्त अर्धे होते. स्वादुपिंडाची राखीव ताकद कमी आहे ही जी गोष्ट त्या महिन्यांत कळली, ती बाळाबरोबर घरी येते आणि घरीच राहते. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले, की गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांच्या तुलनेत सातपटींहून अधिक असते. म्हणूनच प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत एकदा आणि पुढे आयुष्यभर दर १ ते ३ वर्षांनी साखर तपासावी, असा वैद्यकीय दंडक आहे. तुमची चार वर्षे तशीच गेली आहेत. यात तुमचा दोष मी पाहत नाही; बाळाच्या लसीची तारीख घरातल्या प्रत्येकाला पाठ असते आणि आईच्या तपासणीची कोणी लिहूनही ठेवत नाही.

तेव्हा वजनकाट्यावर उभे राहण्याआधी, याच आठवड्यात, उपाशीपोटी रक्त द्या. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के आले, तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असे समजतात. साखर १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात आणि खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. त्याच नमुन्यातून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चरबीची तपासणी करून घ्या, आणि रक्तदाबही मोजून घ्या. जिने चढताना लागणारी धाप प्रत्येक वेळी वजनाचीच असते असे नाही. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन ९.१ वर आले होते आणि मी मात्र दोन वर्षे स्वतःला आळशी म्हणवून घेत होते. थायरॉइडविषयी एक सांगते. ते मंदावल्याने वजन वाढते हे खरे, पण ती वाढ साधारणपणे थोड्या किलोंची असते, त्यामुळे गोळी सुरू झाली की सारे वजन उतरेल अशी आशा धरू नका.

तपासणीत साखर उंबरठ्यावर निघाली तरी घाबरून जाण्याचे कारण नाही, उलट हीच वेळ हातातली असते. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याइतका व्यायाम, एवढेच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या ज्या स्त्रिया त्यात होत्या, त्यांच्यात या दोन्ही उपायांनी धोका जवळपास निम्म्यावर आला. तुमच्या ८३ किलोचे ७ टक्के म्हणजे सहा किलोंहूनही थोडे कमीच. माझ्या १७ किलोंकडे पाहू नका. तुमचा पहिला मुक्काम सहा किलोंवर आहे, आणि तिथे वर्षभराने पोहोचलात तरी चालेल.

आता चिकाटीविषयी. दोन महिने पावडरीवर राहणाऱ्या बाईला चिकाटी नाही असे कोण म्हणेल? उपासमारीत शरीर काय करते हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात बारकाईने नोंदवले गेले आहे. सहा महिने त्यांचा आहार जवळपास निम्म्यावर आणला, तेव्हा त्यांचे वजन सुमारे पावपट घटले, अंगात सतत थंडी भरू लागली, चिडचिड वाढली, आणि ते दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले; काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. बंधने उठल्यावर ते अफाट जेवले आणि त्यांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. पुढे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहाराने वजन उतरवलेल्या लोकांचे रक्त वर्षभराने पुन्हा तपासले, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेलीच होती. म्हणजे पावडर थांबल्यावर तुम्हाला जी भूक लागली ती खरी होती, कुठूनतरी आलेली हाव नव्हती. केसांचेही तसेच. अन्न एकाएकी तुटले की केसांची मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी केस गळू लागतात. आणि त्या नऊ किलोंपैकी पहिले काही किलो तर पाण्याचेच असणार, कारण यकृत व स्नायूंत साठवलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेली असते आणि पहिल्याच आठवड्यात ती दोन्ही निघून जातात. जाहिरातदार नेमके हेच पहिले आठवडे दाखवतात.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ती विचारली आहे. वयाच्या ४१ व्या वर्षी माझे वजन ८६ किलो होते. एकदा सहज म्हणून मी आठवडाभर फक्त लिहून काढले, की मी केव्हा, कुठे आणि कशा स्थितीत खाते. काय खाते ते लिहिलेच नाही. त्या सात दिवसांत बसून, ताट पुढे घेऊन मी फक्त चार वेळा जेवले होते. बाकी सारे उभ्याने, मुलांच्या ताटातले उरलेले टाकवत नाही म्हणून, भांडी आवरता आवरता, आणि सर्वांत जास्त रात्री साडेदहानंतर. घर झोपलेले, कोणी हाक मारत नाही, तो एकच तास माझा असायचा, आणि त्या तासाला मी खाण्याने आणि फोनने जागे ठेवत असे. झोप पाच तासांची होत होती. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्याची, हे प्रयोगांत दिसलेले आहे. मला ते माझ्या वहीतच दिसले. उरलेले अन्न, उरलेला वेळ आणि उरलेली झोप यांवर मी दहा वर्षे काढली होती, आणि व्यायामही त्याच उरलेल्यात बसवू पाहत होते. तो अर्थातच बसत नव्हता.

म्हणून तिसऱ्या वेळी मी आहारापासून सुरुवात केलीच नाही. सकाळची ४५ मिनिटे माझी, आणि त्या वेळात मी घरी नसेन, एवढेच घरात सांगितले. विनंती केली नाही, कारण विनंती केली की तिच्यावर चर्चा होते. पहिल्या पंधरवड्यात मुलाची वही घरी राहिली, एकदा शाळेची गाडी चुकली, आणि मला फोन करून मोजे कुठे आहेत असे विचारण्यात आले. मी परत आले नाही. खरे सांगायचे तर चालण्यापेक्षा तेच अवघड होते. महिन्याभरात मोजे त्यांचे त्यांना सापडू लागले. तुमच्या घरची माणसे आणि वेळा वेगळ्या असतील, नोकरीच्या वेळा असतील, आणि एखादीला खरोखरच सांभाळायला दुसरे कोणीच नसते, हे मला मान्य आहे. अशा वेळी १५ मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. पण जो काही वेळ असेल तो दिवसाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा, दिवसाच्या तळाशी शोधू नका.

चालण्याला दहा हजार पावलांचे दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला आहे, वैद्यकशास्त्रातून नव्हे. वयस्कर स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१९ साली, दिवसाला ४,४०० च्या आसपास पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण फारच कमी चालणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी दिसले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा आणखी वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र चालण्यासोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते, आणि हा भाग आपण बायका हमखास सोडतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, इतक्यापासून मी सुरुवात केली. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते जाऊ द्यायचे नसतील तर त्यांना काम द्यावे लागते.

पण तुम्हाला चालण्याच्याही आधी एक व्यायाम करायचा आहे. उड्या मारताना, खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब येणे ही बाळंतपणानंतर अतिशय सर्रास आढळणारी तक्रार आहे, आणि इतक्या बायका केवळ त्यापायी व्यायाम सोडतात, की मला तिच्याविषयीच्या मौनाचाच जास्त राग येतो. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गरोदरपणात आणि प्रसूतीत ताणले जातात. त्यांना बळकट करण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली मांडला आणि आजही पहिला उपाय तोच आहे. लघवी आणि वायू दोन्ही एकाच वेळी रोखून धरतो तसे ते स्नायू आत आणि वर ओढायचे, सहा ते आठ सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, आणि प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करायचा नाही. पुष्कळजणी स्नायू वर ओढण्याऐवजी नकळत खाली रेटतात आणि त्रास वाढवून घेतात, म्हणून शक्य असेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. आडवे होऊन उठताना पोटाच्या मध्यभागी लांबट उंचवटा दिसत असेल तर तेही त्यांना सांगा. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असू शकतात आणि तसे असेल तर नेहमीचे पोटाचे व्यायाम सुरुवातीला टाळावे लागतात. तोवर उड्यांचा वर्ग बंदच ठेवा, चालणे ठेवा. दिलाशाची गोष्ट अशी, की याच तक्रारीच्या ३३८ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ८ टक्के वजन घटल्यावर लघवी गळण्याच्या वेळा जवळपास निम्म्याने कमी झाल्या. म्हणजे तुमचे सहा किलो इथेही उपयोगी पडतात.

आहाराविषयी फार लांबण लावत नाही. मी चार गोष्टी बदलल्या आणि त्या एकदम नव्हे, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने बदलल्या : बसून जेवणे, प्रत्येक जेवणात प्रथिनांचा आणि भाज्यांचा वाटा आधी वाढून घेणे, पाकिटबंद खाणे घरात न आणणे, आणि मुलांच्या ताटात सुरुवातीलाच कमी वाढणे. पाकिटांविषयीचा आग्रह निव्वळ माझा नाही. २० जणांना दोन-दोन आठवडे आळीपाळीने कारखान्यात तयार झालेले आणि साधे, घरच्यासारखे अन्न पोटभर खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, असे २०१९ सालच्या एका काटेकोर प्रयोगात दिसले. कोणाच्याही ताटावर नियंत्रण नव्हते, सर्वांना हवे तेवढे घेण्याची मुभा होती. माझे वजन २२ महिन्यांत ८६ वरून ६९ वर आले, त्यात मधले पाच महिने काटा जागचा हलला नाही, आणि आज ते ७२ च्या आसपास आहे. तीन किलो परत आले ते मी त्या शरीराला देऊन टाकले. हिमोग्लोबिन मात्र १२.६ आहे आणि त्या आकड्याचा मला वजनापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

आता इंजेक्शने. सेमाग्लुटाइड आणि त्या वर्गातली औषधे आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतात, त्यामुळे भूक कमी होते आणि पोट सावकाश रिकामे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आहार-व्यायामाच्या जोडीने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन घटले. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. तुमचा उंचीशी तुलना केलेला वजनाचा निर्देशांक ३३ च्या पुढे आहे, त्यामुळे डॉक्टरांनी ते सुचवले तर त्यात वावगे काही नाही, आणि औषध घेणे म्हणजे पळवाट असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण पळपुटा म्हणत नाही. मात्र ते दीर्घकाळ घ्यायचे औषध आहे हे धरूनच निर्णय घ्या. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, गरोदरपणात ते चालत नाही आणि गर्भधारणेचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. स्वादुपिंडाला पूर्वी कधी सूज आली असेल किंवा घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओळखीच्या कोणाच्या सांगण्यावरून किंवा चिठ्ठीविना ते घेऊ नका. माझा क्रम विचाराल तर रक्ताचे अहवाल, ओटीपोटाचे स्नायू, सकाळचा वेळ, आणि सहा महिन्यांनी अहवाल पाहून इंजेक्शनाचा विचार, असा असेल. साखर मधुमेहाच्या आकड्यात निघाली तर मात्र हा क्रम डॉक्टर ठरवतील.

मुलीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्र बहुधा तिच्यासाठीच लिहिले असावे. तिला काही समजावून सांगायला जाऊ नका. घरात कोणाच्याही अंगकाठीवर बोलणे बंद करा, तुमच्या स्वतःच्याही. खाण्याला पाप, शिक्षा, बक्षीस असले शब्द वापरू नका. काटा तिच्या नजरेआड ठेवा आणि आठवड्यातून एकदाच वापरा. कंबर मोजायची ती महिन्यातून एकदा, तिच्या नकळत. तुम्ही सकाळी बाहेर पडता, घाम गाळून परत येता, बसून जेवता आणि वेळेवर झोपता, एवढे तिला दिसू द्या.

माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. मागे एका समारंभात कोणीतरी तिला विचारले, की तुझ्या आईने एवढे वजन कमी केले ते नेमके काय करून? ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "माहीत नाही. पण सकाळी आई घरी नसते."